अज्जा बसत नव्हते

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, भिंतीला टेकवून, कपाळभर विभूती लावून, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. लोक येतात, समोर बसतात, नमस्कार करतात, आणि मग खुर्चीसारख्या सजवलेल्या विमानातून त्याला रुद्रभूमीत नेऊन बसल्या बसल्याच मातीत ठेवतात. या रीतीबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आयुष्यभर प्रेतं आडवीच पाहिली मी, टेबलावर, नंबर लावलेली. त्यामुळे माणसानं निरोप बसून घ्यावा यात मला एक रुबाब वाटतो. तक्रार आहे ती रीत पाळणाऱ्यांबद्दल. बसवायचं तर अंग मऊ आहे तोवरच बसवावं लागतं, एवढी साधी गोष्ट आमच्या घराण्यातल्या शहाण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसं बसवून पुरल्यावरही कळलेली नव्हती. कळणार कशी? बसवायचं काम नेहमी दुसऱ्या कुणीतरी केलेलं, यांनी फक्त हात जोडलेले.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडणात दोन्ही. चिकपेटच्या कापडबाजारामागच्या एका बोळात, कापडाच्या गोदामाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली दिवसभर गठ्ठे आपटायचे आणि आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. गठ्ठा किती जड आहे हे अज्जा आवाजावरून सांगायचे. अज्जा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. उभा जन्म त्यांनी साड्यांच्या ठोक दुकानात घड्या घालण्यात काढला होता. गिऱ्हाइकापुढे पन्नास साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक दोन घेऊन जायचं, उरलेल्या पुन्हा जशाच्या तशा घडीत बसवायच्या. काम सुटल्यावर ते घरातल्या पंच्यांच्या, वर्तमानपत्रांच्या, माझ्या परकरांच्याही घड्या घालायचे. बोलायचे फार कमी. सकाळी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, त्यावर स्वल्प तेल, आणि रात्री पुन्हा तेच. कधी वांगं भरलं तर खूश. माझे वडील मी पाच वर्षांची असताना गेले, तेव्हापासून त्या घरात तिघंच होतो. अज्जा, मी आणि अव्वा.

अव्वा म्हणजे माझी आई. वडील गेल्यावर ती एका मोठ्या दवाखान्यात आया म्हणून लागली, आणि तिथे जे काम कुणी करत नव्हतं ते तिच्याकडे आलं. वॉर्डात माणूस गेला की त्याला पुसायचं, डोळे मिटायचे, जबडा बांधायचा, हातपाय सरळ करून चादरीत गुंडाळायचं. आमचे नातेवाईक तिच्या हातचं पाणी प्यायला कां कू करायचे. माझी आत्या, अज्जांची मुलगी, आमच्याकडे आली की "मला काही नको गं, आत्ताच कॉफी झाली" म्हणायची, आणि जाताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी पिताना मला दिसायची. मात्र कुणाकडे माणूस गेला की पहिला निरोप अव्वालाच. मेलेल्याला हात लावणारी बाई जेवणाच्या पंगतीला चालायची नाही, पण मेलेल्याला हात लावायला तीच लागायची. या हिशेबात आमच्या घराण्यातल्या एकालाही कधी विसंगती दिसली नाही.

मला अव्वानं यातलं काही लपवलं नाही. भाकरी थापता थापता ती सांगायची, "माणूस गेला की आधी गार होत जातो. पहिले दोन-तीन तास अंग मऊ, लोण्यासारखं. मग जबडा धरतो, मग मान, मग हात, शेवटी पाय. पूर्ण ताठला की फळी. एक दिवस, सव्वा दिवस तसाच. उकाडा असला, म्हातारा असला तर लवकर सुटतो. आणि जसा धरला तसाच सुटतो, वरून खाली." तिचं शिक्षण चौथी. पुढे न्यायवैद्यकाच्या जाड पुस्तकात मी हेच सगळं वाचलं, तेव्हा लिहिणाऱ्यापेक्षा अव्वानं ते नीट सांगितलं होतं असं माझं मत झालं आणि ते अजून बदललेलं नाही. पाठीवर रक्त उतरून जांभळे चट्टे येतात, बुबुळांवर साय धरते, पोटावर उजवीकडे खाली हिरवट छटा येते. हे मला सतराव्या वर्षी पाढ्यांसारखं पाठ होतं. माझी भाकरी मात्र कधी गोल झाली नाही.

त्या उन्हाळ्यात मला मेडिकलला जागा मिळाली. बोळात पेढे वाटावेत इतकी मोठी गोष्ट, पण थोरल्या काकांनी, म्हणजे अज्जांच्या मोठ्या मुलानं, ती ऐकून अशी मान हलवली की जणू घरात कुणाला क्षय झालाय. काका होसकोट्याला राहायचे, पत्र्याच्या कारखान्यात मुकादम होते, आणि मालकाच्या पुतण्याला त्यांनी माझं स्थळ सांगून ठेवलं होतं. पुतण्याला विचारलं होतं, मालकाला विचारलं होतं. मला सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं. अज्जांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्या माणसाला भाजीत मीठ कमी पडलंय का हेसुद्धा त्याच्या पोटच्या पोरांनी कधी विचारलं नसेल. कॉलेजचे कागद भरायला दहा दिवस राहिले असताना अज्जा पहाटे कधीतरी झोपेत गेले, आणि त्या घटकेपासून त्यांच्या मनात काय होतं हे सगळ्यांना कळू लागलं.

अव्वा रात्रपाळीला होती. आत्या आदल्या दिवशी राहायला आली होती. सहाला मी चहा घेऊन गेले तर अज्जांचं कपाळ गार होतं, तोंड किंचित उघडं. मी त्यांचा हात उचलला. तो सहज वाकला. मान मात्र वळेना. आठाच्या सुमारास अव्वा आली, तिनं पायरीवरूनच माझा चेहरा ओळखला, आत गेली, अज्जांच्या गुडघ्याखाली हात घालून पाहिला आणि म्हणाली, "पाय अजून मऊ आहेत. आत्ताच बसवू या. चला, धरा दोघी."

आत्या मध्ये आली. "थोरला येईपर्यंत अप्पांना कुणी हात लावायचा नाही. तू तर नाहीच नाही. दवाखान्यातनं आलीस, अंघोळ तरी केलीस का?"

"अंघोळ करते. पण भाऊजींना यायला दुपार होईल. तोवर ताठतील की."

"ताठतील म्हणे! लाकूड आहेत का ते? माझे अप्पा आहेत."

 अव्वानं पंच्यानं अज्जांचा जबडा बांधला, पापण्या मिटल्या आणि अंघोळीला गेली. चार तास आत्या रडली, मध्ये मध्ये येणाऱ्या बायकांना अज्जांचं शेवटचं वाक्य सांगत राहिली. प्रत्येकीला वेगळं.

काका आले तेव्हा बारा वाजून गेले होते. बरोबर चार माणसं आणि आमचे अय्या, म्हणजे हे सगळे विधी करणारे जंगम. काकांनी रीतसर हंबरडा फोडला, डोळे पुसले आणि म्हणाले, "चला, बसवा." दोघांनी खांद्याला धरून उचललं. अज्जा टाचांपासून डोक्यापर्यंत एकसंध वर आले, भिंतीला लावलेली शिडी उचलावी तसे. कुणाच्या तरी तोंडून "अय्यो" निघालं. पुन्हा खाली ठेवलं. अंगावरचं धोतर सरकलं आणि पाठीवरचे जांभळे चट्टे दिसले, तेव्हा आत्यानं अव्वाकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू हिनंच म्हाताऱ्याला बडवून मारलंय. अव्वानं पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि पुढे येत म्हणाली, "सरका जरा. मी बघते."

तेवढ्यात आत्याला साक्षात्कार झाला. "वाकंनात का अप्पा? सांगू का वाकंनात का? मन अडकलंय त्यांचं. नात परक्या पोरांत जाऊन मढी चिरणार म्हणून जीव तळमळत गेलाय त्यांचा. रुसलेत ते!"

 मूर्खपणा किती झटकन धर्म होतो, हे मी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काकांनी क्षणभर विचार केला. त्यांचा विचार क्षणभरच चालायचा. मग ते अय्यांकडे वळले. अय्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "असतं असं. आत्मा हट्ट धरतो. ज्याच्यावर रोष आहे त्यानं समोर येऊन शब्द द्यावा."

"ये गं इकडं," काका मला म्हणाले. "अज्जांच्या पायावर हात ठेव. म्हण, कॉलेजात जाणार नाही. म्हण, काका म्हणतील तिथं लग्न करीन."

मी काय केलं असेल असं वाटतं? मला सगळं पाठ होतं. जबडा, मान, हात, पाय. त्या पंधरा-वीस माणसांना उभ्या उभ्या शिकवू शकले असते. मी अज्जांच्या गार पावलांवर हात ठेवला आणि म्हणाले, "अज्जा, मी कॉलेजात जाणार नाही." इतक्या लवकर म्हणाले की काकांनाही थोडं आश्चर्य वाटलं. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हा भाग गाळावा असं फार वाटलं होतं. शास्त्र पाठ असणं आणि पाठीला कणा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दुपारी माझ्याकडे एकच होती. इतरांना हसण्याआधी हे लिहून टाकलेलं बरं.

"सरी, झालं तर," काका म्हणाले आणि खाली वाकून त्यांनी अज्जांचे गुडघे धरले. "आता बसतील."

"ओढू नका!" अव्वा एवढ्या मोठ्यानं ओरडली की खाली गोदामातला आवाज थांबला. "हाड मोडेल! मोडलेल्या अंगानं पाठवणार का बापाला?"

काकांनी चटका बसल्यासारखे हात काढले. अव्वानं पदर सोडला, बांगड्या खाली आणल्या आणि अज्जांच्या पायाशी जाऊन बसली. तिथून ती उठली नाही. काकांनी मला पुन्हा म्हणायला लावलं, कारण पहिल्यांदा मी मनापासून म्हटलं नव्हतं. खांदे उचलून पाहिले, शिडीच. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, या वेळी रडत. मी रडत म्हटलं. अज्जा जसेच्या तसे. अय्या म्हणाले, "हट्ट मोठा आहे." दिवस मावळायला आला, आता माती देणं उद्यावर गेलं. काकांच्या एका माणसानं बर्फाच्या लाद्या आणू का विचारलं. अव्वा म्हणाली, "बर्फ नको. मामंजींना गारठा सोसत नव्हता." हे ऐकून आत्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे बऱ्या नजरेनं पाहिलं.

आता देवनहळ्ळीकडच्या माझ्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, कुणी गेलं की तासाभरात काचेची गार पेटी दारात येते, वायर भिंतीत खुपसतात, आणि पुण्या-नागपुराची मुलं ऑफिसच्या कॉलवर "फादर एक्सपायर झाले" असं सांगून परदेशातल्या भावाची निवांत वाट पाहतात. पेटीत माणूस दोन दिवस कसाही राहतो. आमच्याकडे तेव्हा उकाडा होता, माश्या होत्या आणि उदबत्त्यांचा पुडा होता. मातीपर्यंत घरात चूल पेटवायची नाही, म्हणून सगळे उपाशी. आत्या तेवढी दोनदा "जरा वारा घेऊन येते" म्हणून खाली गेली. सकाळपर्यंत खोलीत वास धरला. आदल्या दिवशी अज्जांच्या आत्म्यावर तासन्‌तास बोलणारी माणसं आता जिन्यात उभी राहून बोलत होती. कुणाला दुकान उघडायचं होतं, कुणाला कारखान्यातली पाळी गाठायची होती. अय्या तर इतके भुकेले दिसत होते की त्यांना कोणताही सिद्धांत चालला असता.

दहाच्या सुमारास अव्वानं ओल्या फडक्यानं अज्जांचा चेहरा पुसला. पुसता पुसता मान थोडी उजवीकडे वळवली, थोडी डावीकडे. मग हात पुसले. मग पाय पुसायला बराच वेळ लावला. मी तिच्याकडे पाहत होते, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि अय्यांसमोर हात जोडले.

"अय्या, मी अडाणी बाई. पण एक विचारू का? पोरीनं काल तीनदा शब्द दिला. मामंजींनी घेतला का?"

"नाही घेतला," अय्या म्हणाले.

"म्हणजे त्यांना तो नकोच असेल. ते उलट्याच गोष्टीसाठी अडून बसलेत असं तर नसेल?"

काका अव्वाला म्हणाले, "काय बोलालीस निलव्वा? असं कुठं असतं का?"

"असतं, असतं," अय्या घाईनं म्हणाले. जिन्यातूनही दोघं-तिघं म्हणाले, असतं की. अव्वानं मला पुढे ओढलं आणि आपण गुडघ्यांशी बसली. "म्हण. खरं काय ते म्हण."

मी म्हणाले, "अज्जा, मी डॉक्टर होणार. मला जाऊ द्या." माझा आवाज आदल्या दिवसापेक्षा बारीक होता. अव्वानं त्यांच्या गुडघ्यांखाली हात घातले, आणि अज्जांचे पाय वाकले. झोपलेल्या माणसाचे वाकतात तसे, मुकाट. तिनं मांडी घातली, दोघांनी खांदे धरून भिंतीला टेकवलं, मान जराशी पुढे झुकली. माझे अज्जा बसले. आत्यानं किंकाळी फोडली आणि माझ्या पाया पडली. काकांना गहिवर आवरेना. "मला माहीत होतं," ते प्रत्येकाला सांगत होते, "अप्पांच्या मनात काय होतं ते मला पहिल्यापासून माहीत होतं." होसकोट्याच्या पुतण्याला त्यांनी त्याच आठवड्यात कळवून टाकलं की मेलेल्या माणसाच्या शब्दापुढे आपला इलाज नाही.

काका पुढे तीस-एक वर्षं प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगत राहिले. तिच्यात दर वेळी भर पडायची. शेवटी शेवटी अज्जांनी डोळे उघडून मला आशीर्वाद दिला होता. मागच्या वर्षी त्यांच्या नातवानं, जो कुठल्याशा मोठ्या कंपनीत मशीनला विचार करायला शिकवतो, ती घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपल्या कुळातला चमत्कार' म्हणून टाकली. मी खाली एक ओळ लिहिली: याला मरणोत्तर काठिण्य म्हणतात, ते दीड दिवसात आपोआप जातं. त्यावर एकोणीस जणांनी हात जोडले. मला की काठिण्याला, ते कळलं नाही.

माती देऊन आम्ही दुपारी घरी आलो. लोक गेले. अव्वानं अंघोळ केली, चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. मी भिंतीला टेकून बसले होते. तिच्या अकलेचं मला इतकं कौतुक वाटत होतं की राहवेना. म्हणाले, "अव्वा, तुला बरोबर वेळ कळली. पण आज सुटलेच नसते तर गं? काय केलं असतंस?"

"काय करायचं? मी बसवले असते."

"कसे?"

"दवाखान्यात रोज करते तसेच. एकेक सांधा धरायचा, चोळायचा, जोर लावून हळूहळू वाकवायचा. थोडा आवाज येतो. हाडबीड काही मोडत नाही. दहा मिनिटांचं काम आहे."

 "मग काल? काल दुपारीच बसवता आले असते?"

"हो की. पदर खोचूनच पुढं आले होते." तिचे हात पिठात थांबले. तिचा चेहरा असा झाला की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. वडील गेले तेव्हाही नाही. ती रडायला लागली. "बारा वर्षं त्या माणसानं मला सून म्हणून नाही, लेक म्हणून सांभाळलं. आणि मी त्यांना एक दिवस एक रात्र तसंच आडवं ठेवलं. माश्या बसत होत्या त्यांच्या तोंडावर. वास आला तेव्हा लोकांनी नाकं धरली, ते मी बसून बघितलं."

"का पण अव्वा?"

तिनं मनगटानं डोळे पुसले. पीठ गालाला लागलं.

"काल तू 'जाणार नाही' म्हणाली होतीस ना."